जीप पाणी प्यायची तो वैशाख

वैशाख लागला की संग्रामपूरकडे जाणारा रस्ता ओला दिसू लागतो. समोर, नेहमी थोडं पुढेच, डांबरावर पाण्याचं तळं साचलेलं असतं. त्यात बाभळी उलट्या उभ्या असतात आणि समोरून येणारी एसटी चाकांशिवाय तरंगत येते. आपण तिथे पोचावं तर तळं पुढे सरकलेलं. मृगजळ कसं होतं ते मी शाळेत इंग्रजीतून पाठ केलं होतं, अजूनही आकृतीसकट सांगू शकते. तरी यंदा ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझा पाय आपोआप ब्रेककडे गेला.

नातवंडांनो, तुमच्याकडे या दिवसांत म्हणे अजून जाकीट लागतं. इथे सकाळचा चहा संपेपर्यंत आभाळाचा निळा रंग उडून गेलेला असतो. मग ते ताटासारखं पांढरं होतं आणि संध्याकाळपर्यंत तसंच राहतं. फाटकाच्या कडीला हात लावायचा तर मध्ये पदर घ्यावा लागतो. कावळे चोच उघडी ठेवून निंबावर बसतात. सातपुड्यावरचा साग निष्पर्ण झालेला असतो, आणि डोंगर इतका उघडा दिसतो की त्याच्याकडे बघायला संकोच वाटावा. आमच्याकडे भुतांची वेळ रात्रीची मानत नाहीत. भर दुपारी, सावली पायाखाली जाते तेव्हा, मुलांना वेशीबाहेर जाऊ देत नाहीत. लग्न होऊन जळगाव जामोदला आले तेव्हा मला या गोष्टीचं हसू यायचं.

तुम्ही जिच्या बॉनेटवर बसून फोटो काढून घेतलेत, त्या जीपची ही गोष्ट आहे. तुमचे आजोबा गेल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा.

ते हिवाळ्यात गेले. हृदय थकलं होतं आणि छातीत पाणी साचत होतं, म्हणून डॉक्टरांनी पिण्याच्या पाण्यावर बंधन घातलं होतं. वैद्यकीयदृष्ट्या ते अगदी बरोबर होतं. पण माणसाला ते कसं कळावं? छाती पाण्यानं भरलेली आणि ओठ कोरडे. शेवटच्या दुपारी मी औषधं आणायला खाली गेले होते आणि त्यांच्याजवळ आक्का बसल्या होत्या. आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, आणि त्यांना अंगाखांद्यावर वाढवलेली. त्यांनी आक्कांकडे पाणी मागितलं. आक्कांनी नियम पाळला. कापसाचा बोळा ओला करून ओठांवरून फिरवला. मी वर आले तेव्हा बोळा आक्कांच्या मुठीत होता आणि ते गेलेले होते.

आक्का रडल्या नाहीत. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे.

उन्हाळा आला आणि संत्र्याच्या बागेचं बघायला कुणी उरलं नाही, म्हणून जीप मी चालवू लागले. मला चालवता येत होतंच. त्यांनीच शिकवली होती. सकाळी पायथ्याला बागेत जायचं, वीज असेपर्यंत झाडांना पाणी द्यायचं आणि वीज गेली की परतायचं. परतायला नेहमी दुपार व्हायची.

पहिल्यांदा काटा चढला तो मोकळ्या माळावर. तापमान दाखवणारा काटा मधल्या खुणेवरून उठला आणि शांतपणे लालकडे निघाला. मी जीप एका निंबाखाली घेतली, इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत पुढच्या पत्र्याखालून आवाज येऊ लागला. घट, घट, घट. मध्ये थांबून पुन्हा घट, घट. खूप वेळ तहानलेलं कुणी तांब्या तोंडाला लावून प्यावं, तसा. उकळतं पाणी बंद इंजिनातही वाट काढत फिरतं, हे मला माहीत होतं. मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं नाही. न पाहण्यासाठी मान ताठ धरावी लागली, एवढंच सांगते.

इंजिन पुरतं निवल्यावर फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी बरंच खाली गेलं होतं. पण गाडीखाली एक थेंब नव्हता. जीपमागचा रस्ता मी चालत तपासला. तोही कोरडा ठणठणीत.

वरवट बकालला गजू मिस्त्रीचं गॅरेज आहे. पोट सुटलेला, तोंडात सुपारी, आणि प्रत्येक गाडीच्या आजारावर एक विनोद तयार. तुमच्या आजोबांचा लाडका.

"बाई, हे गाडी बिमार नाई," तो म्हणाला, "हे गाडी प्यासी हाये. साहेबाची सवय लागली. साहेब बी उभ्यानं तांब्याभर पेत."

मग माझा चेहरा पाहून झाकण बदलू म्हणाला. ते पटण्यासारखं होतं. तुमच्या स्वयंपाकघरात कुकर आहे ना, त्याचाच न्याय. झाकण घट्ट असलं की आत दाब वाढतो, आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. रेडिएटरच्या झाकणात एक स्प्रिंग असते, ती हा दाब सांभाळते. स्प्रिंग दमली की दाब सुटतो, पाणी लवकर उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. गजूनं नवं झाकण बसवलं. पुढच्या फेरीत पाणी तेवढंच कमी झालं. मग त्यानं रबरी पाइप बदलले. पाणी तेवढंच कमी झालं. इंजिनातलं गॅस्केट, म्हणजे दोन लोखंडी भागांमधला पातळ पत्रा, ते फुटलं असेल का, असं मी विचारलं. त्यानं ऑइलची कांडी काढून माझ्यापुढे धरली.

"ग्यासकिट गेलं असतं तं ऑइल ताकावानी पांढरं झालं असतं. हे पाहा, चोख."

ऑइल खरंच चोख होतं.

घरी मी जेवताना हे सांगितलं. पाणी जातं, पण कुठे जातं ते कळत नाही, असं म्हटलं. आक्का भाकरी मोडायच्या थांबल्या.

"सांडत नाई?"

"नाही."

"मंग कोनी तरी पेत असंन."

मी हसले नाही. ताटं उचलली.

त्याच आठवड्यात आखाजी आली. तुम्ही तिला अक्षय्य तृतीया म्हणता, आणि दुकानांच्या जाहिरातींमुळे ती तुम्हाला सोन्याचा सण वाटते. इकडे ती पाण्याची असते. घरातलं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला त्याच्या नावानं नवी घागर भरतात. त्यात वाळा सोडतात, वर आंबा ठेवतात आणि म्हणतात, पी बाबा, वाट लांबची आहे. आक्कांनी घागर स्वतः भरली. दिवसभर तिच्यासमोर बसून राहिल्या. संध्याकाळी त्यांनी हात बुडवून बघितलं.

"जशाची तशी हाये," त्या म्हणाल्या. "घोटभर बी नाई पेला."

घागर नवी होती, भट्टीत जास्त भाजलेली, पाझरत नव्हती. मी तसं सांगितलं. आक्का फाटकाजवळ उभ्या असलेल्या जीपकडे बघत होत्या.

त्यानंतर एक वेगळंच सुरू झालं. परतून मी जीप लावायची तेव्हा काटा चढलेला असायचा, म्हणजे पाणी कमी झालेलं. गजूनं सांगितल्याप्रमाणे तापलेलं झाकण उघडायचं नाही, मुद्दाम भरायचं नाही, आणि किती कमी झालं ते सकाळी पाहायचं. आणि सकाळी झाकण उघडलं की पाणी गळ्यापर्यंत भरलेलं. मी काठी बुडवून पाहिली, बोट बुडवून पाहिलं. भरलेलं, आणि गार. आणि त्याला वाळ्याचा वास.

मी माझ्या आयुष्यात कपाटाच्या किल्ल्या कधी हरवल्या नाहीत. मला गोष्टी जागेवर लागतात. पण सकाळच्या त्या कोवळ्या उन्हात, तोंड उघड्या रेडिएटरवर वाकून, मी वाळ्याचा तो ओला, मातकट, मुळांचा वास घेत उभी राहिले आणि मला वाटलं की माझ्या पाठीमागे कुणीतरी मी बाजूला होण्याची वाट बघतंय. पाणी जातं, हे एक वेळ समजू शकतं. पाणी परत येतं, हे कुठे लिहायचं?

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. आक्का अंगणात आल्या. हातात तांब्या. जीपचा पुढचा पत्रा त्यांनी सरावानं उचलला, पदर धरून झाकण फिरवलं. आणि मी ऐकलं. रात्रभर उभ्या असलेल्या, थंडगार इंजिनातून एक लांब उसासा निघाला. हुस्सऽऽ. माणसाचा. पाणी पिऊन झाल्यावर समाधानानं सोडलेला.

"पी," आक्का म्हणाल्या आणि तांब्या ओतला.

मी बाहेर गेले. आक्का दचकल्या नाहीत.

"आइकलं ना तू? रोज करते. मी झाकन उघडलं की करते. लहानपनी बी पानी पेला की असाच हुस्स करे बापू."

सकाळच्या उजेडात मी त्यांना त्या दिवशी नीट पाहिलं. ओठांना भेगा पडल्या होत्या. डोळे आत गेले होते. मी त्यांचा हात धरला. मनगटावरची कातडी चिमटीत आली आणि सोडल्यावर तशीच उभी राहिली. माठातलं त्यांच्या वाटणीचं पाणी त्या वाळ्याच्या घागरीत साठवून जीपला देत होत्या. स्वतः गोळीपुरता घोट घेत होत्या, तोही फक्त मी समोर असले तर.

"आक्का, तुम्ही पाणी पीत नाही?"

"त्याची भागली की मी पेईन," त्या म्हणाल्या. जशी एखादी बाई म्हणते, पंगत उठली की मी बसेन.

त्या दुपारी त्या अंगणात तोल जाऊन पडल्या. डॉक्टर घरी आले, सलाईन लावलं, आणि मला ओसरीवर बोलावून म्हणाले की या उन्हात, या वयात, पाणी असंच बंद राहिलं तर मूत्रपिंडं आठवडाभरही साथ देणार नाहीत. आत आक्का बाटलीकडे बघत होत्या. "सुधा," त्यांनी मला विचारलं, "हे याच्यातलं त्याले देता येते काय?"

तुमच्या बाबांना फोन केला. ते म्हणाले, आई, जीप विकून टाक, विषय संपेल. मला माहीत होतं, संपणार नाही. आक्का काठी टेकत ती जीप शोधत निघाल्या असत्या. त्या जिवंत राहायच्या असतील तर मला एकच गोष्ट करायची होती: ते पाणी कुठे जातं हे शोधायचं आणि त्यांना डोळ्यांनी दाखवायचं.

दोन दिवसांनी आक्कांना जीपमध्ये घालून मी सकाळीच वरवट बकाल गाठलं. वाटेत थांबून दोनदा पाणी ओतावं लागलं. गजूला सगळं सांगितलं, वाळ्यासकट. तो पहिल्यांदाच विनोद न करता ऐकत होता. आक्कांना त्यानं गॅरेजसमोरच्या सावलीत खुर्ची दिली, पाण्याचा पेला पुढे केला.

"घ्या मावशी."

"मी नाई पेत."

"काऊन? उपास हाये काय?"

"माह्या भावाचं व्हाचं हाये अजून."

गजूनं पेला हळूच खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. इंजिन निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यानं शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून एक हातपंप मागून आणला. सायकलच्या पंपासारखा, पण त्याला घड्याळासारखा काटा. झाकणाच्या जागी तो घट्ट बसवायचा आणि थंड गाडीत हातानंच दाब भरायचा, म्हणजे इंजिन न चालवता कळतं की दाब टिकतो की नाही. गाडीखाली मी कोरडे पुठ्ठे पसरले. गजूनं पंप मारला. काटा वर गेला, थांबला.

आम्ही तिघं बघत होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि काटा खाली येऊ लागला. सावकाश, कुणी घोट घोट घ्यावा तसा. गजू गाडीखाली वाकला. पुठ्ठे कोरडे. पाइपांवरून हात फिरवला. कोरडे. पुन्हा पंप मारला. काटा वर गेला आणि पुन्हा त्याच संथ गतीनं उतरला.

"बाई," गजू हळू आवाजात म्हणाला, "माह्या अंगावर काटा आला पाहा."

"पेऊन राह्यला," खुर्चीतून आक्का म्हणाल्या.

मला राग आला, आणि त्या रागाचा उपयोग झाला. पाणी बाहेर पडत नाही, तर ते आत जातं. आत ऑइलमध्ये नाही, तर उरतं काय? जिथे डिझेल जळतं ती जागा. तिथे गेलेलं पाणी वाफ होऊन धुराबरोबर निघून जाणार. रस्त्यावर थेंब पडायचा प्रश्नच नाही. आणि आत जायला वाट असेल तर ती बाहेर यायलाही असणार. जळता वायू त्याच फटीतून उलटा पाण्यात घुसणार, दाब चढवणार. रात्री झाकणाखाली अडकलेला तोच वायू सकाळी सुटणार. हुस्स करून.

मी गजूला गाडी सुरू करायला सांगितलं आणि मागे जाऊन धुराड्याच्या तोंडाशी माझा रुमाल धरला. त्या उन्हातही धूर पांढरा येत होता. रुमाल ओला झाला. मी तो नाकाशी नेला. डिझेल, काजळी, आणि त्यांच्याखाली अगदी पुसट, पण चुकण्यासारखा नाही असा वास. मी रुमाल आक्कांकडे नेला.

त्यांनी हुंगला. खूप वेळ नाकाशी धरून ठेवला.

"माह्या घागरीचा वाळा," त्या म्हणाल्या.

"हो आक्का. तुम्ही दिलेलं पाणी इथून बाहेर पडतंय. कुणी पीत नाही. जळतंय."

गजूनं रेडिएटरचं उघडं तोंड दाखवलं. गाडी अजून तापलीही नव्हती, तरी आतून बुडबुडे येत होते. "ऑइलकडची बाजू शाबूत, अन् पान्याकडची गेली," तो म्हणाला. "असं बी होते म्हना. मी तिकडे पाहिलंच नाई." संध्याकाळपर्यंत त्यानं इंजिनाचं डोकं उघडलं. गॅस्केट काढून आक्कांच्या मांडीवर ठेवलं. मोठं भोक जळण्याच्या जागेचं, बारीक भोक पाण्याचं, आणि दोन्हींच्या मध्ये मुंगीनं वाट काढावी तशी एक करपलेली रेघ.

आक्कांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "एवढ्याश्यातून?"

"एवढ्याशातून."

"मंग तो उसासा?"

मी समजावलं. कुकर, वायू, रात्रभर अडकलेला दाब. त्यांनी मान हलवली. पाणी मात्र घेतलं नाही. "पाहू," म्हणाल्या.

नवं गॅस्केट बसलं. मी बागेत जाऊन आले, भर दुपारी, मुद्दाम त्याच माळावरून. काटा मधल्या खुणेवर खिळ्यानं ठोकल्यासारखा राहिला. निंबाखाली थांबून इंजिन बंद केलं. पत्रा थोडा कडकडला आणि मग काहीच नाही. इतकं काहीच नाही की मी तिथे हवं त्यापेक्षा जास्त वेळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आक्का माझ्याआधी उठल्या होत्या. मी खिडकीतून बघितलं. त्यांनी झाकण फिरवलं. कान जवळ नेला. पुन्हा बसवलं, पुन्हा फिरवलं. मग आत आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या.

"पानी तेवढंच हाये, सुधा."

"आणि आवाज?"

"नाई."

मी म्हणणार होते, बघा, मी सांगितलं होतं ना. पण त्यांचा चेहरा बदलत होता. "म्हंजे गेला," त्या म्हणाल्या. "तवा नाई गेला. आता गेला." आणि हिवाळ्यापासून आत धरलेलं सगळं बाहेर आलं. इतक्या कोरड्या शरीरात इतकं पाणी कुठून आलं, मला कळेना. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मला वाटलं होतं मी त्यांच्या मानगुटीवरचं भूत उतरवतेय. मी त्यांचा भाऊ काढून नेला होता.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि मला एक प्रश्न विचारला. 

"अन् आता त्याले तहान लागली तं?"

त्याला तहान लागत नाही आक्का, असं म्हणणं बरोबर झालं असतं. आतापर्यंत मी बरोबरच बोलत आले होते आणि त्या वाळत चालल्या होत्या.

"लागली तर तो मागेल," मी म्हटलं. "आणि तुमच्याकडेच मागेल, माझ्याकडे नाही. तुम्हाला उठून द्यावं लागेल. उठायला अंगात जीव हवा ना?"

आक्कांनी त्यावर विचार केला. हिशेब मनात नीट लागतो का, ते पाहिलं. मग हात पुढे केला. मी माठातलं पाणी दिलं. त्यांनी ते एका दमात संपवलं, पेला पुन्हा पुढे केला, तोही संपवला. तिसऱ्याला त्या थांबल्या.

"माह्या कानाले कमी आइकू येते आता," त्या म्हणाल्या. "मी झोपली असली अन् त्यानं हाक मारली, तं तू उठवजो बरं मले."

"उठवीन," मी म्हटलं.

आक्कांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. उठवायला त्या नाहीत. तरी वैशाखातल्या दुपारी, सगळं गाव दारं लावून झोपतं तेव्हा, मी डोळे मिटून नुसती पडून असते. झोप लागू देत नाही.